घराबाहेरचा कॅमेरा आणि शेजारचे घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील एका ६४ सदनिकांच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीत मी नऊ वर्षे सचिव होतो. पाणी, पार्किंग आणि छताची गळती या तीन जुन्या तक्रारींच्या पंक्तीत त्या काळात एक चौथी तक्रार येऊन बसली: "अमक्यांनी दारावर कॅमेरा लावला आहे आणि तो आमच्याकडे बघतो." पुढील प्रश्न त्या तक्रारींच्या निमित्ताने मला विचारले गेलेले आहेत. काही प्रश्न कॅमेरा लावणाऱ्यांचे आहेत आणि काही कॅमेऱ्यासमोर राहणाऱ्यांचे.

कॅमेरा माझ्या घराच्या सुरक्षेसाठी आहे. त्यात शेजाऱ्यांना खटकण्यासारखे काय आहे?

चार दिवस गावाला जाताना आपण शेजाऱ्यांच्या हाती किल्ली देतो आणि म्हणतो, "घराकडे जरा नजर असू द्या." त्याच शेजाऱ्यांबद्दल कधी तक्रार करायची वेळ आली की आपण म्हणतो, "ते आमच्यावर नजर ठेवतात." नजर दोन्हीकडे आहे, पण पहिली आपण होऊन मागितलेली असते आणि दुसरी कोणी न विचारता ठेवलेली असते. घरावरचा कॅमेरा मालकाला पहिल्या प्रकारचा वाटतो आणि समोर राहणाऱ्याला दुसऱ्या प्रकारचा. बहुतेक भांडणांचे मूळ एवढ्या फरकात असते, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असल्यामुळे ती भांडणे लवकर मिटत नाहीत.

याला आणखी एक बाजू आहे, जी तक्रारअर्जात कधीच लिहिली जात नाही. कॅमेरा बसल्यावर शेजारी किल्ली ठेवण्याची गरज कमी होते, "दूधवाल्याला दोन दिवस नको म्हणून सांगा" असा निरोपही ॲपवरून थेट दूधवाल्याला जातो, आणि वर्षानुवर्षे आपले घर राखणाऱ्या माणसाला एके दिवशी कळते की त्याचे काम आता भिंतीवरचे यंत्र करते. त्याच्याही पुढे जाऊन त्याला असे वाटू शकते की ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे त्यांच्या यादीत आता आपणही आहोत. हे बोलून दाखवणे अवघड असते. म्हणून तक्रार येते ती कॅमेऱ्याच्या कोनाची. कोन बदलल्यावरही शेजारी घुश्शातच का, असे मला अनेकांनी विचारले; त्याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

"ज्याच्या मनात काही नाही त्याने कॅमेऱ्याला का भ्यावे?" असे उत्तर देणे योग्य आहे का?

नाही. "चोराच्या मनात चांदणे" ही म्हण या प्रसंगी फार सहज तोंडी येते आणि एकदा ती शेजाऱ्याला ऐकवली की पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही, कारण आपण त्याला तोंडावर चोर म्हटलेले असते. शेजाऱ्याला लपवायचे असते ते बहुतेक वेळा अगदी साधे असते: सकाळी कोणत्या अवतारात दूध घ्यायला दार उघडले, मुलीला बघायला कोण पाहुणे आले होते, नोकरी गेल्यापासून मुलगा किती वाजता घराबाहेर पडतो, डॉक्टरांच्या फेऱ्या का वाढल्या आहेत. यात गुन्हा कशातच नाही. तरीही यांपैकी प्रत्येक गोष्ट ज्याची त्याने सांगायची असते.

घरगुती कॅमेऱ्याला प्रत्यक्षात किती दिसते?

शेजाऱ्यांना वाटते तितके दिसत नाही आणि मालक सांगतो तितके कमीही दिसत नाही. इथे थोडे गणित करणे भाग आहे. बाजारात सर्रास मिळणारा २ मेगापिक्सेलचा, २.८ मिलीमीटर भिंगाचा कॅमेरा साधारण १०० अंशांचा पट्टा टिपतो. पाच मीटर अंतरावर हा पट्टा सुमारे १२ मीटर रुंद होतो. चित्राच्या आडव्या ओळीत १,९२० ठिपके (पिक्सेल) असतात; ते १२ मीटरवर पसरले की एका मीटरच्या वाट्याला साधारण १६० ठिपके येतात. युरोपात या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटवण्यासाठी मीटरला २५० ठिपके लागतात, तर आधीपासून माहीत असलेला माणूस "हा तोच" असे म्हणण्यासाठी १२५ पुरतात. हिशेब केला तर असा कॅमेरा अनोळखी चेहरा सव्वातीन मीटरपर्यंत ओळखू देतो आणि ओळखीचा माणूस जवळपास साडेसहा मीटरपर्यंत.

या आकड्यांतला विनोद लक्षात घ्यावा. ज्या चोरासाठी कॅमेरा लावला, तो अनोळखी असल्यामुळे अंधूक येतो. ज्या शेजाऱ्याशी आपले काहीच वैर नाही, तो मात्र दुप्पट अंतरावरूनही चालण्याच्या ढबीवरून ओळखू येतो. "तुमचा चेहरा काही स्पष्ट दिसत नाही हो" असे मालकाने सांगून शेजाऱ्याचे समाधान होत नाही ते यामुळेच.

भिंग ४ मिलीमीटरचे घेतले तर पट्टा अरुंद होतो, आपल्याच दारातला माणूस अधिक स्पष्ट येतो आणि शेजारचे अंगण चित्राबाहेर राहते. कॅमेरा बसवणारा मुलगा "जितका वाइड तितका चांगला" असे सांगेल. त्याचे ऐकण्याआधी हा विचार करावा.

रात्री कॅमेऱ्यात लाल ठिपके पेटतात. त्याचा अर्थ कोणी तरी त्या वेळी बघत आहे असा होतो का?

होत नाही. अंधारात दिसावे म्हणून कॅमेरा अवरक्त प्रकाश टाकतो. त्याचे दिवे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असले तर डोळ्यांना ते मंद लाल दिसतात आणि ९४० नॅनोमीटरचे असले तर जवळपास दिसतच नाहीत. अंधार पडला की ते आपोआप लागतात. मालक तेव्हा गाढ झोपलेला असतो. मात्र हालचाल होताच पांढरा झगझगीत दिवा लावणारे कॅमेरे ही खरी डोकेदुखी आहे, कारण रात्री मांजर गेले तरी समोरच्यांची झोपायची खोली उजळून निघते. ती सोय सेटिंगमधून बंद करता येते आणि दाट वस्तीत ती बंदच ठेवावी.

फ्लॅटची दारे समोरासमोर आहेत. माझ्या दारावरचा कॅमेरा शेजाऱ्यांच्या घरात पाहतो अशी तक्रार आहे. ती खरी मानावी का?

आधी स्वतःच्या मोबाईलवर बघावे आणि मग ठरवावे. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत समोरासमोरच्या दारांमधला पॅसेज पाच-सहा फुटांचा असतो. चौकटीच्या वर सरळ बसवलेला कॅमेरा समोरचे दार उघडताच आतला सोफा, टीव्हीची भिंत आणि पुष्कळदा देवघरही दाखवतो. आमच्याकडे दिवसा लाकडी दार उघडे आणि जाळीचे सेफ्टी डोअर लावलेले असते, त्यामुळे "दार उघडते तेवढ्यापुरतेच दिसते" हा बचाव टिकत नाही.

हे मी स्वतः चुकून शिकलो आहे. आमच्या मजल्यावर दोन सायकली चोरीला गेल्यानंतर मी दारावर कॅमेरा लावला आणि समोरच्या आजींना सांगायचे राहून गेले. आजी रोज अकराच्या सुमारास दारात मोडा टाकून बसायच्या, पुढ्यात वर्तमानपत्र पसरून मेथी नाहीतर गवार निवडायच्या, आणि जिन्याने येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्याशी दोन शब्द बोलून जायचा. कॅमेरा बसल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी मोडा आत गेला. त्या काही बोलल्या नाहीत. मीही ऊन वाढले असेल अशी समजूत करून घेतली. महिनाभराने त्यांच्या सुनेने माझ्या पत्नीला सहज सांगितले, "आई म्हणतात, पदर सारखा नीट आहे की नाही ते बघत बसायचं, त्यापेक्षा आत बसलेलं बरं." त्या सायकलींच्या चोराला जिन्यात कोणी हटकले असते तर ते त्या आजींनीच, आणि त्यांनाच मी दारातून उठवले होते.

उपाय सोपा निघाला. कॅमेरा चौकटीवरून काढून बाजूच्या भिंतीवर, जिन्याकडे तोंड करून बसवला; समोरच्या दाराचा जो कोपरा तरीही चित्रात येत होता त्यावर रेकॉर्डरमधून काळा चौकोन टाकला. जवळपास सर्व डीव्हीआर आणि एनव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या दोन्ही प्रकारच्या रेकॉर्डरमध्ये, चित्राचा ठरावीक भाग झाकण्याची ही सोय असते आणि झाकलेला भाग साठवलाही जात नाही. मोडा पुन्हा दारात आला, पण त्याला आणखी दोन महिने लागले.

पॅसेजमध्ये कॅमेरा लावण्यासाठी सोसायटीची परवानगी लागते का?

पॅसेज, जिना, लिफ्टसमोरची जागा आणि बाहेरच्या भिंती ही सामाईक मालमत्ता आहे. तिथे भोक पाडायचे, वायर ओढायची किंवा कॅमेरा टांगायचा तर समितीकडे लेखी अर्ज करून संमती घ्यावी. अर्जासोबत चित्रात काय येते त्याचा मोबाईलवरचा फोटो जोडला तर अर्धे प्रश्न बैठकीपूर्वीच संपतात. मी सचिव असताना असे जोडलेले फोटो बघून दोन अर्जदारांनी आपणहून जागा बदलली. स्वतःच्या दाराच्या आत बसवलेल्या कॅमेऱ्याला ही संमती लागत नाही, परंतु जाळीच्या दारातून तो पॅसेजवर रोखलेला असेल तर तक्रार यायची ती येणारच.

कायदा याबाबत काय सांगतो?

शेजाऱ्याच्या नजरेचे भांडण कॅमेऱ्याहून फार जुने आहे. पूर्वी ते खिडकीवरून होत असे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील कलम १८ रूढीने मिळणाऱ्या अधिकारांबद्दल आहे, आणि त्याखालील एका उदाहरणात असे गाव कल्पिले आहे की जिथल्या रूढीनुसार शेजाऱ्याच्या खासगीपणाला मोठी बाधा येईल अशी नवी खिडकी कोणालाही उघडता येत नाही. घराचा जो भाग एरवी इतरांच्या दृष्टीआड असतो, तिथे डोकावता येईल असे काही करू नये, हा त्यातला विचार. खिडकीच्या जागी भिंग ठेवून ते कलम वाचले की आजचे भांडण जसेच्या तसे दिसते, आणि मला तरी कॅमेऱ्याच्या प्रत्येक वादात हीच कसोटी सर्वांत उपयोगी पडली आहे: चित्रात दिसणारी जागा एरवी रस्त्यावरच्या कोणालाही दिसते का? दिसत असेल तर तक्रार दुबळी आहे. दिसत नसेल तर तक्रारीत दम आहे.

अलीकडचे सांगायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. घरगुती कॅमेऱ्यांपुरता वेगळा असा कायदा भारतात नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही, त्यामुळे केवळ दारावर कॅमेरा आहे म्हणून त्या कायद्याचा बडगा दाखवता येत नाही. सोसायटी ही मात्र व्यक्ती नाही, तेव्हा सामाईक कॅमेऱ्यांच्या बाबतीत समितीने ही सवलत गृहीत धरू नये. एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्रण संमतीवाचून केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई लागू होते आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे किंवा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. न्हाणीघराच्या किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीवर कॅमेरा रोखलेला असेल तर "मी चोरांसाठी लावला होता" हे सांगणे पोलीस ठाण्यात फार काळ चालत नाही.

एकत्र राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे असे कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. वाटणी न झालेल्या वाड्यांत आणि भाऊबंदकीच्या घरांत कॅमेरा हा बहुतेक वेळा चोरासाठी नसतो हे सर्वांनाच ठाऊक असते, म्हणून हा निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कॅमेरा आवाजही टिपतो का? शेजाऱ्यांना ते सांगावे का?

वायफायवर चालणारे बहुतेक कॅमेरे आणि व्हिडिओ डोअरबेल आवाज टिपतात, आणि विकत घेतल्यावर ही सोय बहुधा चालूच असते. माझ्या अनुभवात चित्रापेक्षा आवाजाने अधिक संबंध बिघडतात. चित्र सरळ रेषेत जाते आणि भिंतीशी थांबते. आवाज वळून येतो. जिन्यात थांबून दोन बायका तिसरीबद्दल जे बोलतात ते तिसरीच्या मोबाईलमध्ये साठलेले असते, आणि एकदा का "मला सगळं ऐकू येतं बरं" असे वाक्य उच्चारले गेले की त्या मजल्यावर लोक कुजबुजत बोलू लागतात. ॲपमधून मायक्रोफोन बंद करायला अर्धा मिनिट लागतो. तो बंद केल्याचे शेजाऱ्यांना दाखवावे.

आमचे गावचे घर वर्षातले दहा-अकरा महिने बंद असते. तिथे कॅमेरा लावल्यास गावातल्या लोकांना काय वाटेल?

मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांचा हा हमखास प्रश्न आहे. सिमकार्डावर चालणारे, सौर पॅनेलचे कॅमेरे मिळू लागल्यापासून कोकणात गणपतीला उघडणाऱ्या घरांच्या पडवीवर ते दिसू लागले आहेत. आंबा-काजू जातात, नारळ पडले की उचलले जातात, बंद दाराचे कुलूप कोणी तोडले तर महिनोन्महिने कळत नाही. कारणे खरी आहेत.

पण गावात घराच्या हद्दीचा अर्थ शहरासारखा नसतो. खळ्यातून शेजाऱ्यांची पायवाट जाते, विहीर सामाईक असते, गुरे त्याच पाणंदीने जातात. वाडीतला रोजचा वावर मग दोन-चारशे किलोमीटरवरच्या मोबाईलमध्ये दिसू लागतो. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या नातलगांच्या घराजवळ राहणारे एक काका वर्षानुवर्षे संध्याकाळी बंद घराच्या तुळशीपाशी दिवा लावत. धाकट्या पिढीने कॅमेरा लावला आणि पहिल्याच आठवड्यात उत्साहाने फोन केला, "काका, आज दिवा लावायला उशीर झाला का हो?" प्रश्न आपुलकीचा होता. काकांना तो हजेरी घेतल्यासारखा लागला. पुढच्या वेळी "पाऊस कसा आहे" म्हणून विचारले तेव्हा उत्तर आले, "तुझो कॅमेरो असा मा, मगे माका कित्याक इचारतंस?" त्या पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडले नाही, पॅनेल निकामी झाले आणि कॅमेरा बंद पडला, नेमका तेव्हाच माडाची झावळ कोसळून कौले फुटली. पडवीत पाणी आल्याचे दहा दिवस कोणाला कळले नाही. काकांना ते दिसत होते, पण सांगायला ते बांधील राहिले नव्हते.

तेव्हा गावी कॅमेरा लावायचाच असेल तर जो माणूस घर राखतो त्याच्या हातूनच तो बसवून घ्यावा, त्याच्या मोबाईलवरही चित्र द्यावे आणि पायवाट चित्रातून वगळावी. आणि कॅमेऱ्यात पाहिलेले फोनवर बोलून दाखवू नये.

घरकामाला येणाऱ्या बायका, मुले आणि भाडेकरू यांचे काय?

यांचे मत सहसा कोणी विचारत नाही. एका मजल्यावर चार घरी काम करणाऱ्या ताईंची वेळ तिसऱ्याच घराच्या कॅमेऱ्यात नोंदली जाते, आणि "तुम्ही ९ वाजून १२ मिनिटांनी त्यांच्याकडे गेलात, मग आमच्याकडे पावणेदहाला कशा?" अशी उलटतपासणी झालेली मी ऐकली आहे. शेजाऱ्याच्या कामवालीची हजेरी आपल्या फुटेजवरून लावून देऊ नये. ज्याचा व्यवहार त्याने बघावा. मुलांच्या बाबतीत असे दिसते की ती कॅमेरा नसलेला मजला शोधून तिकडे खेळायला जातात, आणि गोंगाटाची तक्रार मग त्या मजल्यावरून येते. नवे भाडेकरू, विशेषतः एकट्या राहणाऱ्या मुली, दारासमोरच्या कॅमेऱ्याबद्दल काहीच बोलत नाहीत, कारण घर मिळणेच मुळात मुश्कील असते. त्यांचे गप्प राहणे म्हणजे संमती समजू नये.

कॅमेरे पाहून शेजाऱ्यांना बरे वाटते, असेही होते ना?

होते, आणि पुष्कळदा होते. रो हाऊसच्या गल्लीत एकाने रस्त्याकडे तोंड करून कॅमेरा लावला की आजूबाजूच्या चार घरांना आपोआप आधार वाटतो; गाडीला ओरखडा पडला, कुरियरचे पार्सल गायब झाले, भटक्या कुत्र्याने कोणाला चावले, की सगळे त्याच घराची बेल वाजवतात. एकटे राहणारे वृद्ध तर "तुमचा कॅमेरा आमच्या फाटकापर्यंत येतो ना?" असे मुद्दाम विचारून खात्री करून घेतात. तोच कोन, तेच चित्र. इथे मात्र ती नजर मागितलेली आहे.

कॅमेऱ्यांनी चोऱ्या किती थांबतात याबद्दल मात्र फार मोठे दावे करू नयेत. सार्वजनिक जागांतील कॅमेऱ्यांवरच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले आणि सर्वांत ठळक परिणाम वाहनतळांवर दिसला. घराच्या दारावरच्या एका कॅमेऱ्याबद्दल त्यावरून काही सिद्ध होत नाही. आमच्या दोन सायकलीही मिळाल्या नाहीत.

खोटा, नुसता दाखवायचा कॅमेरा लावला तर?

शेजाऱ्याला त्याचा त्रास खऱ्याइतकाच होतो आणि तुम्हाला फुटेज मिळत नाही. दोन्हीकडून तोटा आहे.

आम्ही ब्रिटनमध्ये राहतो. तिथे नियम वेगळे आहेत का?

तिथे कॅमेऱ्याच्या चित्रात तुमच्या हद्दीबाहेरचा रस्ता किंवा शेजाऱ्याचे आवार येत असेल तर माहिती संरक्षण कायदा तुम्हाला लागू होतो. चित्रण होत असल्याची पाटी लावणे, गरजेपेक्षा जास्त दिवस फुटेज न ठेवणे आणि शेजाऱ्याने मागितल्यास त्याचे स्वतःचे चित्रण त्याला देणे ही जबाबदारी येते. ब्रिटन युरोपीय संघात असतानाच, २०१४ मध्ये, संघाच्या न्यायालयाने चेक प्रजासत्ताकातील एका घरमालकाच्या प्रकरणात सार्वजनिक रस्ता टिपणारा कॅमेरा निव्वळ घरगुती मानता येणार नाही असे ठरवले होते. ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने २०२१ मध्ये डोअरबेल आणि कॅमेऱ्यांबाबत शेजारणीच्या बाजूने निकाल देताना आवाज किती लांबून टिपला जातो यावर विशेष बोट ठेवले. भारतातून नेलेली सवय तिथे महागात पडू शकते.

शेजाऱ्यांचा कॅमेरा आमच्याकडे रोखलेला वाटतो. सुरुवात कुठून करावी?

त्यांच्या घरी जाऊन "जरा चित्रात काय दिसतं ते दाखवता का?" एवढेच विचारावे. ग्रुपवर लिहू नये. चारचौघांत विचारलेला प्रश्न आरोप होतो आणि आरोपाला माणूस उत्तर देतो, कॅमेरा वळवत नाही. बाहेरून कॅमेऱ्याची दिशा ओळखणे अवघड असते, गोल घुमटाच्या आत तर भिंग कुठे वळले आहे ते कळतच नाही, त्यामुळे निम्म्या वेळा चित्र बघताच शंका फिटते. दाखवायला नकार मिळाला, किंवा चित्रात खरोखरच आपले घर दिसले आणि तरी काही बदल झाला नाही, तर फोटोसह समितीला लेखी तक्रार द्यावी. खिडकीतून आत डोकावणारा कॅमेरा असेल तर समितीची वाट न पाहता पोलिसांकडे जावे. कॅमेऱ्यावर कापड टाकणे, रंग उडवणे किंवा वायर तोडणे या गोष्टी करू नयेत. तसे करताना आपले चित्रण उत्तम होते.

शेजारी फुटेज मागायला आले तर द्यावे का? आणि ग्रुपवर टाकावे का?

घरगुती रेकॉर्डरमध्ये फुटेज फार दिवस राहत नाही हे आधी सांगावे. चार कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क असेल तर साधारण दहा-बारा दिवसांनी जुन्यावर नवे चढते, म्हणून "मागच्या महिन्यातलं बघू या" म्हणणाऱ्याला निराश होऊनच परतावे लागते. मागणी आपल्या वाहनाची किंवा दाराची असेल तर समोर बसवून तेवढाच भाग दाखवावा. रिमोट त्यांच्या हाती देऊन चहा करायला जाऊ नये. तिसऱ्याच कोणाची ये-जा बघायची मागणी असेल, मग ते सून कधी घरी आली हे विचारणारे सासरे का असेनात, तर नम्रपणे नाही म्हणावे.

ग्रुपवर टाकू नये. कचऱ्याची पिशवी जिन्यात ठेवून जाणाऱ्या गृहस्थांची १४ सेकंदांची चित्रफीत आमच्या ग्रुपवर एकदा आली होती. पिशवीचा प्रश्न त्या दिवशी सुटला आणि दोन घरांचे बोलणे आजतागायत बंद आहे.

पोलिसांनी लेखी मागणी केल्यास फुटेज द्यावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली तसा अधिकार आहे. ते न्यायालयात पुरावा म्हणून चालण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मोबाईलने पडद्याचे चित्रण करून पाठवण्यापेक्षा रेकॉर्डरमधून पेनड्राइव्हवर मूळ फाईल उतरवून घ्यावी, आणि रेकॉर्डरचे घड्याळ किती मिनिटे पुढे-मागे आहे ते त्याच वेळी कागदावर टिपून ठेवावे. आमचे सात मिनिटे पुढे होते.